इंग्लिशमधलं डबल अक्षर परत परत चुकतंय? पाठ करू नका, शब्द तोडून बघा

आमच्या सोसायटीच्या ऑफिसबाहेर मागच्या वर्षी पितळी पाटी लावली, त्यावर इंग्लिशमध्ये 'मॅनेजिंग कमिटी' कोरलेलं, आणि कोरणाऱ्याला स्पेलिंग कागदावर लिहून मीच दिलं होतं. पाटी लागली, नारळ फुटला, फोटो ग्रुपवर गेले आणि तासाभरात दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंचा फोन, की कमिटीत एक टी कमी आहे. पाटी मी नवीन करून घेतली, पैसेही मीच भरले. पण मला वाईट याचं वाटलं की मी वीस वर्षं अकाउंट्समध्ये काम करतेय, हा शब्द हजारदा टाईप केलाय, आणि तरी दर वेळी बोट थांबतंच, एम डबल की टी डबल की दोन्ही डबल. (दोन्ही. आणि शेवटी ईसुद्धा डबल.)

तेव्हापासून मी याच्या मागे लागले. हा प्रॉब्लेम माझ्या एकटीचा नाही, ऑफिसात येणाऱ्या मेल बघते ना, त्यात अकोमोडेशन, ॲड्रेस, ऑकरन्स, रेकमेंड, टुमॉरो, बिगिनिंग हेच दहा-बारा शब्द आलटून पालटून चुकलेले असतात आणि लिहिणारे चांगले शिकलेले असतात. म्हणजे हा अभ्यासाचा प्रॉब्लेम नाही, पद्धतीचा आहे.

आधी हे का होतं ते सांगते, कारण ते कळलं की अर्धं काम होतं. आपण मराठीत कानाने लिहितो. आपल्याकडे अक्षर दोनदा असेल तर ते दोनदा ऐकू येतं, 'आता' वेगळं आणि 'आत्ता' वेगळं, 'मका' खायचा आणि 'मक्का' सौदीत. कानाला जे ऐकू आलं ते हात लिहितो. इंग्लिशमध्ये मात्र कमिटीला कोणी 'कम्मिट्टी' म्हणत नाही, एक एम आणि दोन एम यांचा आवाज अगदी सारखाच. म्हणजे ज्या कानावर आपण आयुष्यभर विश्वास ठेवला तो इथे काही सांगतच नाही, आणि मग आपण अंदाजाने एक डबल इकडे एक डबल तिकडे टाकून मोकळे होतो. पाठ करून पण फार टिकत नाही, मी करून बघितलंय, आठवड्याभराने 'काहीतरी डबल आहे' एवढंच लक्षात राहतं, नेमकं काय ते जातं.

मग इंग्लिशमध्ये डबल अक्षर असतं कशाला? बहुतेक वेळा दोनच कामांसाठी. एक म्हणजे आधीचा स्वर आखूड आहे हे दाखवायला, आणि दुसरं म्हणजे दोन तुकडे जिथे जोडलेत तो जोड दाखवायला.

पहिलं काम पटकन सांगते. 'होप' म्हणजे आशा, त्याचं होपिंग एका पी-चं, आणि 'हॉप' म्हणजे लंगडी घालणं, त्याचं हॉपिंग डबल पी-चं. डिनरला डबल एन, एकच टाकला तर ते 'डायनर' होतं, म्हणजे जेवणारा माणूस किंवा अमेरिकेतलं साधं हॉटेल. डेझर्ट गोड असेल तर डबल एस आणि वाळवंट असेल तर एक. लेटर म्हणजे नंतर, तो एका टी-चा, आणि 'दोघांपैकी दुसरा' हा लॅटर डबल टी-चा. लूज म्हणजे सैल याला डबल ओ, आणि हरणं किंवा हरवणं याला एकच ओ, हा तर रोज चुकतो. यात खरी अडचण अशी आहे की दोन्ही स्पेलिंग खरे शब्द असल्यामुळे बऱ्याचदा लाल रेघ येतच नाही. आमच्याकडे एका मेलमध्ये 'वी आर प्लॅनिंग' एका एन-ने गेलं होतं, आणि एका एन-चं ते प्लेनिंग म्हणजे सुताराचं रंधा मारणं. कॉम्प्युटरच्या दृष्टीने शब्द बरोबरच आहे, मग तो का बोंबलेल. त्यामुळे या जोड्यांसाठी मशीनवर अवलंबून राहू नका, स्वर आखूड आहे का एवढं तोंडाने म्हणून बघा, आखूड असेल तर डबल (डेझर्ट आणि लूज या दोन जोड्यांना मात्र हे लागू नाही, त्या लक्षातच ठेवायच्या).

आता दुसरं काम, आणि माझ्या मते सगळी किल्ली इथेच आहे.

पाटीचा प्रकार झाल्यावर आमच्या कमिटीतले एक काका, संस्कृत शिकवून रिटायर झालेले, त्यांनी मला ऑफिसात बसवून विचारलं, "उज्ज्वल कसा लिहिता हो तुम्ही?" मी लिहून दाखवला, ज-ला व जोडून, उज्वल. ते म्हणाले, "उत् अधिक ज्वल. त्-चा ज् झाला, मूळचा ज तिथेच आहे, म्हणजे ज किती झाले?" दोन. मग महत्त्व, महत् अधिक त्व, दोन त. नेतृत्व, नेतृ अधिक त्व, इथे आधी त् नाहीच म्हणून एकच त. सज्जन, उल्लेख, उच्चार, जगन्नाथ सगळे तसेच, पहिल्या तुकड्याचं शेवटचं अक्षर पुढच्यासारखं होतं. "तुमच्या इंग्लिशमध्ये लॅटिनने हेच केलंय," असं म्हणाले आणि घरी गेले.

मी त्या रात्री डिक्शनरी घेऊन बसले आणि खरंच तसंच निघालं. लॅटिनमध्ये 'अड' म्हणून एक उपसर्ग आहे, म्हणजे 'कडे', त्याचा डी पुढच्या अक्षरासारखा होतो. अड अधिक कॉम अधिक मॉड म्हणजे अकोमोडेट, डी-चा सी झाला म्हणून डबल सी, कॉमचा एम आणि मॉडचा एम भेटले म्हणून डबल एम, आणि नंतरच्या डी-पाशी कसलाच जोड नाही म्हणून तो एकच. बास, हा शब्द माझा त्या दिवसापासून चुकलेला नाही. ॲड्रेसमध्ये डबल डी याच उपसर्गामुळे, अकाउंट, अपॉइंट, अनाउन्स, असेस, अलॉट, ॲग्रेसिव्ह, अरेंज सगळ्यांत हाच. कमिटीत कॉम अधिक मिट, म्हणून डबल एम. करेक्ट, कलेक्ट, कनेक्ट हे पण कॉमचेच अवतार. इल्लीगल, इम्मॉरल, इर्रेग्युलर यात 'इन' लपलाय. ऑफर, ऑपोज, ऑकेजन यात 'ऑब' आणि सक्सेस, सपोर्ट, सजेस्ट यात 'सब'.

आता याचा खरा फायदा बघा, कुठे डबल *नाही* हे पण यातूनच कळतं. रेकमेंड म्हणजे री अधिक कमेंड, री-च्या शेवटी सी नाही, म्हणून सी एकच आणि एम डबल. डिसॲपॉइंट म्हणजे डिस अधिक अपॉइंट, एस एक पी डबल. पण डिससॅटिसफाइड म्हणजे डिस अधिक सॅटिसफाइड, दोन एस समोरासमोर आले म्हणून डबल. टुमॉरो म्हणजे टू अधिक मॉरो, एम एकच, आर डबल. अक्रॉस म्हणजे अ अधिक क्रॉस, सी एकच. इमिग्रंट जो देशात आला तो इन अधिक मायग्रंट म्हणून डबल एम, आणि एमिग्रंट जो देश सोडून गेला तो ई अधिक मायग्रंट म्हणून एक एम, परदेशातल्या आपल्या माणसांना फॉर्म भरताना हे दोन्ही लागतात. अननेसेसरी हा तर मला आवडतोच, अन अधिक नेसेसरी म्हणून डबल एन, आणि नेसेसरीच्या पोटात 'सेस' आहे, तोच जो प्रोसेस, ॲक्सेस, सक्सेसमध्ये बसलाय, त्याला नेहमी सी एक आणि एस डबल (ॲक्सेस, सक्सेसमधला जादा सी उपसर्गाचा). मिसस्पेल, म्हणजे स्पेलिंग चुकवणं, हा शब्दच लोक चुकवतात, मिस अधिक स्पेल करा, डबल एस. आणि मिलेनियम म्हणजे मिले हजार आणि ॲन वर्ष, तोच ॲन जो ॲन्युअल आणि ॲनिव्हर्सरीमध्ये आहे, म्हणून डबल एल आणि डबल एन दोन्ही.

अपार्टमेंटचं पण सांगते कारण आमच्या रस्त्यावर निम्म्या बिल्डिंगांवर डबल पी रंगवलेला आहे. इंग्लिशमध्ये अपार्ट अधिक मेंट, पी एकच. फ्रेंचमध्ये डबल आहे पण आपण पाटी इंग्लिशमध्ये लावतोय.

साध्या इंग्लिश जोडशब्दांना तर संधीसुद्धा नको, नुसते दोन शब्द शेजारी ठेवायचे. रूम-मेट जोडून लिहिलं की डबल एम. इअर-रिंग, डबल आर. ग्रँड-डॉटर, डबल डी. विथ-होल्ड, डबल एच, हिच-हायकर पण. आणि आमच्या धंद्यातला बुककीपर! ओ डबल, के डबल, ई डबल, तीन जोड्या ओळीने, असा दुसरा रोजच्या वापरातला इंग्लिश शब्द नाही (बुककीपिंग त्याचंच भावंड). अकरावी-बारावी कॉमर्सला आपलं पुस्तक होतं ना, पुस्तपालन, त्याच्या इंग्लिश नावात बुक आणि कीपिंगच्या मधे छोटी रेघ असते, त्यामुळे दोन के एकत्र डोळ्यांनी कधी बघितलेलेच नसतात आणि पुढे बायोडेटात रेघ काढली की एक के पण जातो. मला आलेल्या अर्जांत कितीतरी वेळा दिसलंय, आणि बुककीपरच्या जागेसाठी अर्ज करताना नेमकं तेच चुकावं हे बघून जीव कळवळतो.

इथे तीन-चार अपवाद लक्षात ठेवावेच लागतील. थ्रेशोल्डमध्ये 'होल्ड' नाहीच, एस-च्या पुढे एच एकच. एटीन म्हणजे एट अधिक टीन पण एक टी गळालाय. पासटाइमला एकच एस. आणि फुल, ऑल, टिल हे शब्द दुसऱ्याला जोडले की आपला एक एल टाकून देतात, ब्यूटिफुल, ऑलवेज, अनटिल, सगळे एका एल-चे.

आता इंग आणि एड लावताना जे डबल होतं त्याबद्दल. शाळेतला नियम सगळ्यांना माहितीय, शेवटी एक स्वर आणि एक व्यंजन असेल तर व्यंजन डबल, रनिंग, स्टॉप्ड, सिटिंग. मीटिंगमध्ये आधीच दोन ई आहेत म्हणून टी एकच, तरी लोक डबल टाकतात. पण दोन-तीन अवयवांच्या, म्हणजे सिलॅबलच्या, शब्दाला हा नियम अडकतो, कारण तिथे विचारलेलं असतं की जोर कुठे आहे. ऑकर, रेफर, ॲडमिट, बिगिन यांत जोर शेवटी म्हणून ऑकर्ड, रेफर्ड, ॲडमिटेड, बिगिनिंग सगळे डबल. ऑफर, व्हिजिट, ओपन, डेव्हलप, बेनिफिट यांत जोर आधी म्हणून एकच. आणि रेफरन्समध्ये जोर सरकून पुढे आला म्हणून रेफर्डला डबल आर असून रेफरन्सला एक! आता आपली अडचण अशी की मराठीत जोराने अर्थ बदलत नाही, आपण डेव्हलप आणि रेफर सगळं सपाट बोलतो, त्यामुळे 'म्हणून बघा' हा सल्ला आपल्याला उपयोगाचा नाही. मी काय करते, डिक्शनरीत शब्दाचा उच्चार दिलेला असतो तिथे वर एक बारीक उभी रेघ असते, ती ज्या अवयवाच्या आधी असेल तिथे जोर. शेवटच्या अवयवाच्या आधी रेघ असेल तर डबल, नसेल तर नाही, दहा सेकंदाचं काम आहे. आणि मेंट लावताना काहीच डबल होत नाही कारण तो व्यंजनाने सुरू होतो, कमिटेड डबल टी पण कमिटमेंट एक, इक्विप्ड डबल पी पण इक्विपमेंट एक.

एल मात्र या नियमात बसत नाही. ब्रिटिश पद्धतीत ट्रॅव्हल्ड, कॅन्सल्ड, लेबल्ड डबल एल, अमेरिकन पद्धतीत एक. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १८२८ च्या डिक्शनरीत अशी बरीच काटछाट केली. आपल्याकडे ब्रिटिश चालतं, म्हणून तुम्ही बरोबर लिहिलंय आणि तरी लाल रेघ येतेय असं झालं तर आधी भाषेची सेटिंग बघा, बहुतेक ती अमेरिकन असते, ती इंडिया किंवा यूके करा. कॅन्सलेशन दोन्हीकडे डबलच आहे.

मग राहतात ते खरे विचित्र डबल, जे बघितले की वाटतं हे चुकलंय. व्हॅक्यूममध्ये डबल यू, कारण लॅटिनमध्ये ते दोन वेगवेगळे अवयव आहेत, व्हॅक्यु आणि अम, कंटिन्यूअम पण तसाच. स्कीइंगमध्ये डबल आय, स्की अधिक इंग, दुसरं काही नाही. टेक-सॅव्हीमध्ये डबल व्ही. हा व्ही दुर्मिळ का, तर जुन्या हस्तलिखितांत यू आणि व्ही एकच अक्षर होतं आणि दोन व्ही शेजारी आले की डब्ल्यू वाटायचा, म्हणून रिव्हर, नेव्हर, सेव्हन, गिव्हिंग यांना स्वर आखूड असूनही एकच व्ही मिळाला, आणि सॅव्ही, रेव्हिंग (गाडीचं इंजिन गुरगुरवणं) यांसारखे नंतर आलेले शब्द तेवढे डबल झाले. ट्रेकिंगला डबल के आहे, पावसाळ्यात सह्याद्रीतल्या ग्रुपांची पोस्टर येतात त्यात बघा, निम्म्यांत एकच असतो.

याउलट काही ठिकाणी आपला मराठी कान कामाला येतो, हे कळल्यावर मला फार आनंद झाला. जे शब्द इंग्लिशने अशा भाषांतून घेतले जिथे डबल खरंच डबल बोलतात, तिथे मूळ उच्चार करा आणि लिहा. पक्का इंग्लिशमध्ये गेला तो डबल के घेऊन गेला. टिक्का, चिक्की तसेच. दख्खनचं डेक्कन झालं, सी डबल, १९३० पासून धावणाऱ्या डेक्कन क्वीनच्या नावात रोज दिसतं. इटालियन लोक पण आपल्यासारखे डबल बोलतात, म्हणून कॅपुचिनो लिहिताना मनात 'काप्पुच्चीनो' म्हणा, पी डबल सी डबल एन एक, आपोआप बरोबर येतं. पिझ्झाला तर आपण मराठीत लिहितानाच डबल झ देतो.

आणि आधार. इंग्लिशमध्ये त्याचं अधिकृत स्पेलिंग सुरुवातीला डबल ए आणि धा-च्या नंतर परत डबल ए असं आहे. पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला दिलं गेलं, म्हणजे हा शब्द आपल्यासमोर येऊन किती वर्षं झाली, तरी सोसायटीच्या फॉर्मवर मला तो पाच प्रकारे लिहिलेला मिळतो. आपला 'आ' दोन ए-नी लिहायचा, दोन्ही ठिकाणी, एवढंच.

एवढं सगळं करूनही तेच परत चुकत असेल तर फोन तपासा. मी एकदा चुकीचं लिहिलं आणि कीबोर्डने ते शिकून घेतलं, मग दर वेळी वरच्या पट्टीत तेच चुकीचं पुढे करायला लागला. गुगलच्या कीबोर्डवर त्या सजेशनवर बोट दाबून धरायचं आणि वर कचऱ्याच्या डब्याकडे ओढायचं, ते जातं. वर्डमध्ये कधीतरी घाईत 'ॲड टू डिक्शनरी' दाबलेलं असतं, ते ऑप्शन्स, प्रूफिंग, कस्टम डिक्शनरीज असं जाऊन काढता येतं, माझ्या यादीत तीन चुकीचे शब्द निघाले. शिवाय वर्ड यातल्या बऱ्याच चुका न सांगता दुरुस्त करतो, त्यामुळे वर्डमध्ये आपलं सगळं ठीक वाटतं आणि हाताने कागदावर लिहायची वेळ आली की उघडं पडतं. माझ्या पाटीचं अगदी हेच झालं. मी आता ऑटोकरेक्टमधली ती आपोआप बदलायची सोय बंद ठेवलीय, लाल रेघ येऊ देते आणि स्वतः तोडून दुरुस्त करते.

दोन शब्द मात्र कशातच बसले नाहीत. एम्बॅरॅसला आर डबल एस डबल, हॅरॅसला आर एक एस डबल. आपल्याला दिसेल असा जोड नाही, जोराचा उपयोग नाही, कान गप्प. ते दोन मी कागदावर एकाखाली एक लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलेत आणि लागले की बघते.